खुंटीची कावीळ

सुकदेव तोताराम नेहेते यांनी एकतीस वर्षांत नऊ हजार लोकांची कावीळ उतरवली, असं पिंपळबर्डीत कोणीही सांगेल. नऊ हजार हा आकडा कुठून आला, हे मात्र कोणी सांगणार नाही. आधी तो पाच हजार होता. पाच हजारांवर तो सात-आठ वर्षं शांतपणे बसून राहिला, आणि मग शाळेतल्या एका सत्कारात पाहुण्यांनी बोलण्याच्या भरात त्याचे नऊ हजार केले. सुकदेवभाऊंनी विरोध केला नाही. स्वभावानं ते मुळातच नम्र.

पिंपळबर्डी हे रावेरपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. तीन बाजूंना केळी आणि चौथ्या बाजूला केळी भरून निघालेले ट्रक. रविवारी सकाळी मात्र या ट्रकांना वाट मिळत नसे, कारण भाऊंच्या ओट्यासमोर पिवळ्या डोळ्यांच्या माणसांची रांग असे. औषध म्हणजे माळ. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, हिरव्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, पांढऱ्या दोऱ्याच्या फासात एकेक आवळायचा, आणि तयार झालेलं इवलंसं कडं काहीतरी पुटपुटत रुग्णाच्या डोक्यावर ठेवायचं. पहिल्या दिवशी माळ टाळूवर टोपीसारखी बसते. तिसऱ्या दिवशी कानांवरून गळ्यात येते, आठवड्यात छातीवर, पंधरवड्यात बेंबीपाशी. माळ उतरली, म्हणजे कावीळ उतरली. डोळ्यांनी दिसणारा पुरावा. रक्ताच्या कागदासारखा कोणाला वाचायला द्यावा लागत नाही.

हिरवी काडी वाळली की आकसते, ती आकसली की फास सैल पडतो, आणि फास सैल पडला की दोरा लांबतो. ही गोष्ट आठवीच्या विज्ञानात सहज बसली असती. पण आठवीला विज्ञान शिकवणारे गुरुजी स्वतःच दोनदा माळ घालून गेले होते.

हा मुद्दा गावात फक्त एका माणसानं काढला, आणि तो भाऊंच्या घरातच होता. बेबाबाई, म्हणजे भाऊंची बायको. कोणी न नेलेली एक माळ त्यांनी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. आठ-दहा दिवसांत ती खाली ठेवलेल्या पाण्याच्या घड्यापर्यंत पोचली. बेबाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "माय वं! खुंटीलेबी कावीळ झाल्ती का?"

हा प्रश्न एकोणीस वर्षांपूर्वीचा. उत्तर प्रलंबित होतं.

माळेचे नियम कडक. पैसा घ्यायचा नाही. रविवारशिवाय द्यायची नाही. तेल-हळद बंद, म्हणजे खानदेशी माणसाला अर्धी फाशीच. आणि सर्वांत मोठा नियम : देणाऱ्याच्या घरात ती लागू होत नाही. हा नियम भाऊंच्या वडिलांनी, तोतारामबुवांनी सांगितलेला. भाऊ लहान असताना त्यांची आई पोटात पाणी होऊन गेली. आधी महिनाभर तिच्या गळ्यात बुवांची माळ होती. नियम आई गेली त्याच्या आधीचा की नंतरचा, हे बुवांनी कधी सांगितलं नाही आणि भाऊंनी कधी विचारलं नाही.

एवढं सगळं असूनही लोक बरे होत होते, हे खरं आहे. खोटं काहीच नव्हतं. श्रेय तेवढं चुकीच्या पत्त्यावर जात होतं. भाऊंकडे येणारी बहुतेक कावीळ घाण पाण्यातून येणारी, साधी. चांगल्या प्रकृतीच्या माणसाची प्रतिकारशक्ती चार-सहा आठवड्यांत तिचा निकाल लावते. गळ्यात माळ असो, मफलर असो की पक्षाचा रुमाल. पण प्रतिकारशक्तीला ओटा नाही, रविवार नाही आणि शाळेत सत्कारही नाही. ज्यांची कावीळ साधी नव्हती, ते पुढच्या रविवारी आलेच नाहीत. न आलेल्यांना मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. मग नऊ हजार व्हायला वेळ कितीसा लागतो!

*

गेल्या उन्हाळ्यात बेबाबाईंनी भाऊंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुमचे डोळे पिवळे दिसू राह्यले."

"ऊन हाये," भाऊ म्हणाले.

"ऊन माह्या डोळ्यातबी हाये. माहे पांढरे हायेत."

पंधरा दिवस भाऊंना भूक नव्हती. वांग्याच्या भरिताच्या वासानं मळमळत होतं, आणि ज्याला भरिताच्या वासानं मळमळतं त्याची तब्येत बिघडली आहे हे सांगायला खानदेशात डॉक्टर लागत नाही. मुलगा तेजस वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. तो म्हणाला, "चला जळगावला, रक्त तपासू." भाऊ त्याच्याकडे असे बघत राहिले, की जणू त्यानं जात बदलायला सांगितलं होतं. कावीळ उतरवणारा माणूस कावीळ घेऊन डॉक्टरकडे? मग ओट्यावर बसायचं कशाला?

पण स्वतःची माळ स्वतःला चालणार नव्हती. नियम. तेव्हा भाऊंनी या जातीच्या माणसाला सुचावा तोच उपाय केला. दीडशे किलोमीटरवर, धुळ्याच्या पलीकडे, वनाआप्पा नावाचे काविळीचे दुसरे जाणकार होते. भाऊ त्यांना गेली वीस वर्षं भोंदू म्हणत आले होते. आता त्यांनी एसटीचं तिकीट काढलं.

वनाआप्पा माळ देत नसत. ते कसल्याशा पाल्याचा रस देत, शेळीच्या दुधातून, सकाळी अनशा पोटी, तीन दिवस. समोर प्रतिस्पर्धी बसलेला पाहून त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही.

"तुमनं औषध तुमले लागाव नही, भाऊ. माले ठाऊक शे," ते अहिराणीत म्हणाले. "आते मन्हं ल्या. तीन दिनमा बठ्ठं उतरी जाई. दूध मातर कच्चं जोयजे. चुल्हानं तोंड देखेल नको."

चुलीचं तोंड न पाहिलेलं दूध भाऊंनी तीन दिवस प्यायलं. रस ज्या पाट्यावर वाटला जाई तो शेळीशेजारीच होता, आणि शेळीला स्वच्छतेचे नियम लागू नव्हते. चौथ्या दिवशी घरी परतल्यावर, भर दुपारी, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात भाऊंना थंडी वाजून आली. बेबाबाईंनी घरातल्या तिन्ही गोधड्या घातल्या. गोधड्यांसकट खाट हलत होती. तेजस आला तेव्हा भाऊ त्याला 'बुवा' म्हणून हाक मारत होते. आता गाडीत घालायला त्यांची परवानगी लागली नाही.

जळगावच्या एका दवाखान्यात ते चार दिवस आयसीयूत होते. दुधातले जंतू रक्तात गेले होते. अशा जंतूंच्या अंगावर जे विष असतं, ते रक्तात दिसलं की शरीराची फौज खवळते. आणि एकदा खवळली की तिला पोच राहत नाही. ताप, रक्तदाब पार खाली, लघवी बंद. चोर पकडायला आलेल्यांनी घराच्याच भिंती पाडायला काढाव्यात तसं. फौज एवढी जोरात लढली की भाऊ जंतूंपेक्षा तिच्याच हातून मेले असते.

गावात सांगितलं गेलं, की सुकदेवभाऊ जडीबुटी शोधायला सातपुड्यात गेलेत.

*

पाचव्या दिवशी वॉर्डात एक तरुण डॉक्टर आली. लिव्हरची. नाव विधी. तिनं फाईल बाजूला ठेवली आणि म्हटलं, "सुकदेवकाका, ओळखलं नसेल. रावेरच्या भिकमचंदशेटची नात मी. आठ वर्षांची असताना दादाजी मला तुमच्या ओट्यावर घेऊन आले होते. माळ घातलीय मी तुमची."

भिकमचंदशेटचं रावेरात किराणा दुकान. माळेचा पांढरा दोरा भाऊ तिथूनच आणत. भाऊंचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला. "मंग? उतरली व्हती ना?"

"उतरली. तशी ती उतरतेच, काका. साधी होती." तिनं खुर्ची ओढली. "तुमची साधी नाही."

मग तिनं सांगितलं. रक्तात 'बी' जातीच्या काविळीचा विषाणू आहे, जुना. आणि ताप का येतोय हे बघायला सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन केला, तर लिव्हरमध्ये एक गाठ सापडली. सव्वादोन सेंटीमीटर. कॅन्सरची.

मग भाऊंनी जे विचारलं ते एमबीबीएसच्या पोरांनाही सुचत नाही, असं विधी पुढे सगळ्यांना सांगायची.

"तुमी डॉक्टर लोकच म्हनता, माह्या अंगात एवढी फौज हाये. दुधातल्या किड्यांवर एवढी तुटून पडली, की मले मारायला निघाली. मंग तिले ही गाठ दिसली नई का?"

"दिसते. पण लिव्हरमधले पहारेकरी वेगळे असतात. आतड्याकडून येणारं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं ना? आतड्यात जंतू किती, तर मोजता येणार नाहीत इतके. त्यांचे तुकडे, त्यांचं विष, थोडं थोडं दिवसभर येतच असतं. दर तुकड्याला पहारेकरी ओरडायला लागले, तर माणूस रोज जेवण झाल्यावर आयसीयूत जाईल. म्हणून त्यांना सवय लागलेली असते. बघायचं, गिळायचं, गप्प बसायचं."

"आन् मंग?"

"मग त्यांच्या गप्प बसण्यात बाकीचे राहून घेतात. हा विषाणू तुमच्यात साठ वर्षं राहिला. बहुतेक जन्माच्या वेळीच आला असणार, आईकडून. तान्ह्या पोराच्या फौजेला आपला कोण, परका कोण, नीट कळत नाही. ती त्याला घरातलाच समजते. मधूनमधून चकमकी होतात, लिव्हरला व्रण पडतात, आणि व्रणांतून कधीतरी गाठ होते. गाठ तर आपल्याच पेशींची, चेहरा ओळखीचा. वर ती पहारेकऱ्यांना खूण करते, की राहू द्या. ते राहू देतात."

भाऊ म्हणाले, "म्हंजे आमच्या ग्रामपंचायतीसारखं."

"ग्रामपंचायतीचं मला काय माहीत," विधी म्हणाली. लहानपणीच्या सुट्ट्या तिनं रावेरच्या बाजारपेठेत, दादाजींच्या गादीवर बसून काढल्या होत्या. तिला चांगलं माहीत होतं.

"आईकडून म्हनली तू," भाऊ म्हणाले. "ती पोटात पाणी होऊन गेली."

विधीनं फाईलमध्ये एक ओळ लिहिली.

उपाय होता. काविळीच्या विषाणूसाठी रोज एक गोळी, कायमची. आणि गाठ लहान असेतो पोट कापायची गरज नव्हती. बाहेरून सुई घालायची, टोक गाठीत न्यायचं आणि गाठ जागच्या जागी जाळायची.

"म्हंजे डाग देनार!" भाऊ उठून बसले. पोटावर तापल्या सळीनं डाग देणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर अडाणी म्हटलं होतं. काविळीच्या धंद्यात तेवढी एक सुधारकी त्यांच्याकडे होती.

"हो. पण आतून देणार. आणि कुठं द्यायचा ते बघून देणार," विधी म्हणाली. "तीन सेंटीमीटरच्या आत असेल तोवरच सुईचा भरवसा. तीनच्या वर गेली, की मोठं ऑपरेशन, आणि तुमच्या लिव्हरला ते झेपेल असं मला वाटत नाही. तीन आठवड्यांत अंगात ताकद येईल, डोळ्यांचा पिवळेपणा जाईल. मग लगेच करू. सुईचे डॉक्टर नाशिकहून येतात, महिन्यातून दोनदा."

"कवा?"

"रविवारी."

*

भाऊंना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण मरण एकदाच येणार होतं आणि रविवार दर आठवड्याला. दवाखान्यातला काळ सातपुड्याच्या नावावर खपला होता; तो सोडला तर एकतीस वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. थोरल्या भावाच्या दहाव्यालासुद्धा ते आधी माळा देऊन गेले होते. आता आणखी एक रविवार ओटा रिकामा दिसला की लोक विचारणार, विचारलं की कळणार, आणि कळलं की संपलंच.

सुईचा पहिला रविवार आला. तेजस गाडीचं दार उघडून उभा राहिला. भाऊंनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, आणि ओट्यावर जाऊन बसले. गाडीचं दार उघडं, आणि भाऊ काड्या तोडतायत. त्या दिवशी तेवीस लोक होते.

"आबा, तुमची गाठ वाढू राह्यली अन् तुमी माळा गुंफू राह्यले!" तेजस दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाला. ओरडायची त्यालाही चोरी होती. रांग ऐकत होती.

"पुढच्या खेपेले जाऊ."

आतून बेबाबाईंचा आवाज आला, "पुढच्या खेपेले माळ घालून मीच पाठवते त्याइले. फुलांची."

मध्येच वनाआप्पांचा फोन आला. कुठून कळलं कोणास ठाऊक, पण त्यांना गाठीचं कळलं होतं. त्यांचं म्हणणं, की ताप पुन्हा एकदा आणावा, ताप जोरात आला की गाठ जळून जाते, दूध पाठवतो. तेजसनं हे रागारागानं विधीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका डॉक्टरनं खरंच असं केलं होतं. जंतूंचं विष टोचायचं, ताप आणायचा, फौजेला जागं करायचं. काहींच्या गाठी विरघळल्यासुद्धा. काही पेशंट त्या तापानंच गेले. आता फौजेला जागं करायची चांगली औषधं आहेत, लागली तर वापरू. हे तुमच्या वनाआप्पांना कृपा करून सांगू नका. ते अमेरिकेचं नाव बोर्डावर लावतील."

दुसरा रविवार पंधरा दिवसांनी होता. त्याच्या आधीच्या बुधवारी भाऊंना सोनोग्राफीला आणि रक्त द्यायला जळगावला जायचं होतं. तेजसची गाडी सगळे ओळखत, म्हणून ते एसटीनं गेले. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी डोक्यावरचा मोठा रुमाल तोंडाभोवती असा गुंडाळला, की डोळेच काय ते उघडे. मेच्या उन्हात जळगावात अर्धी माणसं अशीच हिंडतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नसतं. वावगं एवढंच होतं, की आतल्या थंड हॉलमध्ये येऊनही ते रुमाल सोडेनात.

सोनोग्राफी आधी झाली. दोन पूर्णांक आठ.

"दोन मिलीमीटर उरलेत, काका," विधी म्हणाली. "रविवारी येताय की नाही, ते रक्त देऊन झालं की मला सांगा. नसाल येत, तर मी तुमची जागा दुसऱ्याला देते. तो तरी वाचेल."

भाऊ बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी आणखी एक माणूस, डोक्यापासून हनुवटीपर्यंत रुमालात. त्यापलीकडे एक बाई, पदराचा बुरखा करून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तिघांचेही डोळे समोरच्या पोस्टरवरच्या लिव्हरवर.

खिडकीतून मुलीनं मोठ्यानं पुकारलं, "उखर्डू नाना भंगाळे!"

शेजारचा रुमाल ताडकन उठला. भाऊ चमकले. उखर्डूनाना म्हणजे पिंपळबर्डीतला त्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार. केळीच्या गाड्या भरून म्हातारा झालेला हा गडी दर रविवारी रांगेच्या तोंडाशी उभा राहायचा आणि नव्या माणसांना सांगायचा, की मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते, भाऊंच्या माळेनं उठवलं. इतक्या वेळा सांगायचा, की डॉक्टरांची संख्याही वाढत वाढत अकरावर गेली होती.

नाना गोळ्यांची पुडी घेऊन परत येतात न येतात तोच मुलीनं पुन्हा पुकारलं, "सुकदेव तोताराम नेहेते!"

हॉलमध्ये दोन रुमाल आणि एक पदर एकदम गळून पडले. पदराखालून कमलबाई निघाल्या, भाऊंच्या घरापासून चौथ्या घरातल्या.

"नाना?" भाऊ म्हणाले. "तुमची तं माह्या माळेनं उतरली व्हती."

"उतरलीच ना!" नाना गोळ्या खिशात सारत म्हणाले. "माळेनंच उतरली. ते परत चढू नई म्हनून हिथून गोळी घेतो. चार वर्सं झाले."

"चार वर्सं! मले सांगितलं नई?"

"तुमचं मन दुखलं असतं, भाऊ."

"मीबी तसंच," कमलबाई म्हणाल्या. "माळ रईवारी, सलाईन सोमवारी. गावात बठ्ठे तसंच करता."

"मंग गावभर सांगत काहून फिरता, माळेनं बरा झालो म्हनून?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "मंग काय गोळीचं सांगू? गोळीत सांगन्यासारखं हाये काय? सकाळी पाण्यासंगं गिळली, झालं. माळ कशी, डोक्याहून बेंबीवर येते. सांगाले मजा येते, ऐकनाऱ्याले बरं वाटते."

भाऊंनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी आयसीयूत व्हतो," ते म्हणाले.

"ठाऊक हाये ना. बठ्ठ्या गावाले ठाऊक हाये. भेटाले येनार व्हतो आमी. गाडीबी ठरली व्हती. मंग म्हटलं, मानूस सातपुड्यात हाये, त्याले जळगावात कसं भेटायचं? बरं नई दिसत."

"आन् मी मेलो असतो तं?"

नानांनी विचार केला. मनापासून केला. "तं सातपुड्यातून पडले म्हनून सांगितलं असतं. त्याची फिकीर तुमी करू नका, भाऊ."

पहारेकऱ्यांची ही जात भाऊंना महिन्याभरापूर्वीच समजावून सांगितली गेली होती. बघायचं, गिळायचं, गप्प बसायचं. ज्या गावाला कळेल म्हणून ते मरायला तयार झाले होते, त्या गावाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. आणि त्यांना मरू द्यायलाही गावाची काही हरकत नव्हती. बातमी काय द्यायची, तेही ठरलं होतं. खिडकीतली मुलगी तिसऱ्यांदा ओरडली. भाऊ उठले, रक्त दिलं, आणि तिथूनच विधीच्या खोलीचं दार ढकलून म्हणाले, "पोरी, माही जागा कोनाले देऊ नको."

*

रविवारी ओट्यासमोर सतरा माणसं होती. भाऊंची बोटं सवयीनं चालू होती. एक माळ गुंफून झाली. गाडीचा आवाज आला तसे ते उभे राहिले. आता हातातलं कुठं ठेवायचं म्हणून त्यांनी आत जाऊन ती माळ खुंटीला अडकवली आणि बाहेर आले.

"आज माळ नई," ते म्हणाले. "माह्या लिव्हरात गाठ हाये. डाग द्यायले चाललो जळगावले."

गावाला ठाऊक होतं तरी गुपित उघड बोलल्यावर जमिनीनं दुभंगावं अशी भाऊंची अपेक्षा होती. मागून कोणीतरी फक्त एवढंच विचारलं, "मंग पुढच्या रईवारी हाये ना?"

सुईचं काम पाऊण तासात झालं. दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला तेव्हा भाऊ घाबरले. विधी म्हणाली, हा ताप वेगळा. मेलेल्या गाठीचे तुकडे दिसले की झोपलेले पहारेकरी थोडे हलतात. किती हलतील याची खात्री नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन. मग तिनं बेबाबाईंना आणि तेजसला समोर बसवून दोघांचं रक्त काढून घेतलं. दोघंही कोरे निघाले; दोघांना लस टोचली. घरात लागू होणारी एक तरी वस्तू सापडली.

घरी आल्यावर वनाआप्पा नारळ घेऊन भेटायला आले. खाटेशी बसून, आजूबाजूला पुरेशी माणसं आहेत याची खात्री करून म्हणाले, "मी दूध दिधं म्हनीसन ताप उना. ताप उना म्हनीसन गाठ सापडनी. मंग भाऊले कोनी वाचाडं?" दुधानं ताप आला, तापानं गाठ सापडली : भाऊंनी बरंच शोधलं, पण या युक्तिवादात त्यांना खोट सापडेना. स्वतःच्या नऊ हजारांचाही हिशेब त्यांनी असाच मांडला होता. नारळ ठेवून घेतला.

त्यानंतरच्या रविवारी रांग वडाच्या पारापर्यंत गेली होती. स्वतःचा कॅन्सर उतरवणारा माणूस म्हणून ख्याती तापी ओलांडून गेली होती. भाऊ ओट्यावर आले, समोर तांब्या ठेवला, सगळ्यांना दिसेल अशी विषाणूची गोळी पाण्यासोबत गिळली आणि जाहीर केलं : आजपासून नवा नियम. आधी जळगावला रक्त तपासायचं, डॉक्टर म्हणेल ते औषध सुरू करायचं, आणि तो कागद दाखवल्याशिवाय माळ मिळणार नाही.

थोडी कुजबुज झाली. मग तिसऱ्या नंबरच्या माणसानं हळूच खिशातून रिपोर्ट काढला. पाचव्यानं काढला. सातव्या बाईनं पदराच्या गाठीतून सोडवला. अर्ध्या रांगेकडे रिपोर्ट आधीच होते. आजवर ते दाखवायची रीत नव्हती, एवढंच.

तेवढ्यात आतून बेबाबाई आल्या. हातात खुंटीवरची माळ. दोन आठवड्यांत ती वाळून इतकी लांबली होती, की दुहेरी धरूनही गुडघ्याला लागत होती.

"घड्यात बुडली व्हती," त्या भर रांगेसमोर म्हणाल्या. "खुंटीची उतरली वाटते. तिचा रिपोर्ट पाह्यला का?"

भाऊंनी माळ हातात घेतली. एकोणीस वर्षं प्रलंबित असलेलं उत्तर द्यायला याहून वाईट वेळ सापडली नसती. समोर साठ-सत्तर माणसं होती.

"खुंटीले कावीळ नव्हती," ते म्हणाले. स्पष्ट, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "माळ अशीच लांबते. काडी वाळली की लांबते. डोक्यावर ठेवा नई तं खुंटीले टांगा."

पारावरचे लोक उठून उभे राहिले. बेबाबाई पहिल्यांदाच नवऱ्याकडे कौतुकानं बघत होत्या.

उखर्डूनाना रांगेच्या तोंडाशी होते. त्यांनी माळ बोटांनी चाचपली, खुंटीच्या दिशेनं एकदा मान लांबवून पाहिलं आणि मागे वळून लोकांना समजावलं.

"आता नई," ते म्हणाले. "आधी व्हती. भाऊंच्या हातानं गेली."

आणि रांग, रिपोर्ट हातात धरून, एक पाऊल पुढे सरकली.